आपला संघ यंदा भारी की तेव्हा? हंगामांची तुलना आकड्यांनी कशी करायची

सांगलीत पूर दोन ठिकाणी मोजतात. एक घराच्या पायरीवर, दुसरा कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर. पायरीवर मोजणारा सांगतो, "२००५ ला पाणी उंबऱ्याला लागलं होतं, २०१९ ला सामान माळ्यावर टाकून बाहेर पडलो." शेजाऱ्याने मधल्या काळात जोतं चार फूट उचलून घेतलेलं असतं, म्हणून तो म्हणतो दोन्ही पूर सारखेच. पुलावरची पट्टी मात्र हललेली नाही. २००५ ला ५३ फुटांच्या पुढे, २०१९ ला ५७ च्या पुढे. तिथं वादच नाही.

फुटबॉलमधला हंगाम आपण जवळजवळ नेहमीच पायरीवरनं मोजतो. मी स्वतः त्यातलाच. मिरजेला राहणारा माझा भाचा आणि मी, दोघेही आर्सेनलवाले, म्हणजे लंडनच्या त्या क्लबचे पाठीराखे. माझा आर्सेनल २००३-०४ चा, ३८ मॅचमध्ये एकही न हरलेला. त्याचा २०२३-२४ चा, जो दोन पॉइंटांनी मँचेस्टर सिटीच्या मागे राहिला. एका रविवारी चहाला बसलो असताना तो म्हणाला, "मामा, तुमच्या अजिंक्य संघाचे गोल ७३. आमचे ९१. बोला आता." मी म्हणालो, "आरं, पण हरलो का एकदा तरी?" पुढं अर्धा तास दोघंही तेच तेच बोलत होतो. घरी येऊन वही काढली. तीन-चार वर्षं ती वही चालू आहे आणि तिच्यातूनच ही पद्धत हळूहळू बसत गेली. कागद, पेन, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर भागतं. एक्सेल येत असेल तर काम लवकर उरकतं, इतकंच.

आधी "भारी" म्हणजे काय ते ठरवा

या शब्दात तीन वेगळे प्रश्न लपलेले असतात. संघाने मिळवलं काय, खेळला कसा, आणि समोर कोण होतं. मी "मिळवलं काय" वर बोलत होतो, भाचा "खेळला कसा" वर, म्हणून दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो आणि वाद मिटत नव्हता. वहीच्या पहिल्या पानावर वरती प्रश्न एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, "लीगमधल्या खेळाचा दर्जा कुठल्या हंगामात जास्त होता?" कप, ट्रॉफ्या, मिरवणुका या प्रश्नात बसत नाहीत. मँचेस्टर युनायटेडने १९९८-९९ ला तीन मोठ्या स्पर्धा एका हंगामात जिंकल्या, पण लीगमध्ये त्यांचे पॉइंट ७९ होते. २०१२-१३ ला त्याच संघाने ८९ काढले. म्हणून २०१२-१३ चा संघ मोठा, असं युनायटेडचा कुणीही म्हातारा पाठीराखा म्हणणार नाही. लीगचा तक्ता लीगपुरतंच सांगतो.

एक मॅच, एक ओळ

तयार तक्ता मिळाला तरी शक्यतो मॅचवार नोंद करा. तारीख, विरुद्ध संघ, आपल्या मैदानावर की बाहेर, केलेले गोल, खाल्लेले गोल, पॉइंट. शेवटी एक रिकामा रकाना ठेवा, त्यात पेनल्टी, रेड कार्ड, चिखल असलं काही लिहायला. तक्त्यातून बेरीज कळते, पण त्या पॉइंटांतले किती चिखलात मिळाले आणि किती दहा जणांविरुद्ध, हे त्या रिकाम्या रकान्यातच सापडतं.

इथं माझी झालेली फजिती सांगतो. गावातल्या एका संघाची मी वही ठेवायचो. त्यात बाद फेरीच्या दोन मॅच टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतर पेनल्टी मारून, सुटल्या होत्या आणि मी टायब्रेकरचे गोलही गोलांच्या रकान्यात धरले. त्या बेरजेवर मी छातीठोक सांगत सुटलो की आपल्या फॉरवर्डची फळी यंदा दुप्पट धारदार झाली आहे. भाच्याने वही उलटीसुलटी केली, बोट ठेवलं आणि नुसता हसला. तेव्हापासून नियम असा: टायब्रेकरवर सुटलेली मॅच म्हणजे बरोबरी. लीग आणि बाद फेरी यांची पानं वेगळी. जादा वेळेतला गोल लिहायचा, पण खूण करून.

मॅचमागे पॉइंट काढा

दोन हंगामांत मॅच सारख्या नसतील तर एकूण पॉइंट लावून काही कळत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगची सुरुवातीची वर्षं बघा. १९९२-९३ ला २२ संघ आणि ४२ मॅच होत्या. युनायटेडचे ८४ पॉइंट झाले. १९९८-९९ ला मॅच ३८ आणि पॉइंट ७९. वरवर बघता पहिला हंगाम सरस. भागाकार केला की पहिला २.००, दुसरा २.०८.

दुसरी गोष्ट, जिंकल्यावर किती पॉइंट मिळायचे. इंग्लंडमध्ये १९८०-८१ पर्यंत विजयाला दोनच पॉइंट होते, १९८१-८२ पासून तीन झाले. वर्ल्ड कपमध्ये तीन पॉइंट १९९४ पासून आले. जुना हंगाम घेताना विजय गुणिले तीन अधिक बरोबरी, असा हिशोब नव्याने करायचा. गंमत म्हणून १८८८-८९ चा प्रेस्टन नॉर्थ एंड घ्या. इंग्लंडच्या लीगचा तो पहिलाच हंगाम. २२ मॅच, १८ विजय, ४ बरोबरी, हार शून्य. आजच्या पद्धतीने ५८ पॉइंट, म्हणजे मॅचमागे २.६४. मँचेस्टर सिटीने २०१७-१८ ला १०० पॉइंट काढले, ते मॅचमागे २.६३.

मग प्रेस्टन सिटीपेक्षा सरस? इथंच मोह आवरायचा. विजयाला दोन पॉइंट असताना बरोबरी म्हणजे अर्धा विजय होता, आता ती एक तृतीयांश आहे. १-१ असताना शेवटच्या दहा मिनिटांत पुढे जायचं की मागे बसायचं, हा निर्णयच त्यामुळे बदलतो. हिशोब नव्या पद्धतीने करता येतो, पण त्या काळचे खेळाडू नव्या नियमाने खेळले नव्हते. म्हणून पॉइंटांची मोजणी बदलण्याच्या आधीचे आणि नंतरचे हंगाम मी शेजारी ठेवतो, क्रमांक लावत नाही.

त्या वर्षीची लीग कशी होती?

हीच खरी आयर्विनची पट्टी. संघाचे गोल सुटे बघायचे नाहीत, त्या हंगामातल्या सरासरी संघाशी लावून बघायचे.

कृती सोपी आहे. हंगामातल्या सगळ्या संघांचे गोल बेरीज करा, संघांच्या संख्येने भागा. हा झाला सरासरी संघ. आपल्या संघाचे गोल त्याने भागा. खाल्लेल्या गोलांचंही तसंच.

मामा-भाच्याचा वाद आता या पट्टीला लावू. २००३-०४ ला प्रीमियर लीगमध्ये १०१२ गोल झाले. २० संघ, म्हणजे सरासरी संघाचे ५०.६. आर्सेनलचे ७३ म्हणजे सरासरीच्या १.४४ पट. २०२३-२४ ला एकूण गोल १२४६, सरासरी संघ ६२.३. आर्सेनलचे ९१ म्हणजे १.४६ पट.

१.४४ आणि १.४६. अठरा गोलांचा जो फरक भाचा माझ्या तोंडावर मारत होता, तो जवळजवळ सगळा लीगचा होता, संघाचा नव्हता. २०२३-२४ ला सगळेच जास्त गोल करत होते. त्याच हंगामापासून तिथं वाया गेलेला वेळ काटेकोर मोजून जादा मिनिटं द्यायला लागले आणि मॅच लांबल्या. तळाच्या शेफील्ड युनायटेडने एकट्याने १०४ गोल खाल्ले. जोतं उचललेल्या घरासारखंच हे.

मी खूश झालो, पण खाल्लेले गोल काढल्यावर उतरलो. २००३-०४ ला आर्सेनलने २६ खाल्ले, सरासरीच्या ०.५१ पट. २०२३-२४ ला २९, म्हणजे ०.४७ पट. आकडा मोठा, पण बचाव त्याच्याच संघाचा किंचित घट्ट. भाच्याला हे मी तीन दिवसांनी सांगितलं.

नुसत्या बचावासाठी ही पट्टी वापरायची तर चेल्सीचा २००४-०५ चा हंगाम घ्या. ३८ मॅचमध्ये १५ गोल खाल्ले. त्या हंगामात एकूण गोलच ९७५ होते, सरासरी संघ ४८.७५. तरीही चेल्सी ०.३१ पटीवर येते. लीग कंजूष होती हे वजा करूनसुद्धा तो बचाव अचाटच ठरतो. पट्टी लावली म्हणजे दरवेळी जुना पराक्रम लहान होतो असं नाही.

याच्या पुढची पायरी प्रमाण विचलनाची. तक्त्यातले संघ एकमेकांपासून किती लांब पसरले आहेत ते त्याने कळतं. आपल्या संघाचे पॉइंट वजा सरासरी पॉइंट, भागिले प्रमाण विचलन. एक्सेलमध्ये त्याचं तयार सूत्र असतं. एखाद्या लीगमध्ये दोन-तीन श्रीमंत संघ बाकीच्यांना चोपत असतील तर हे जरूर काढा. आपल्या दोन हंगामांत लीगचा पसारा साधारण सारखा असेल तर मी त्या वाटेला जात नाही.

नशीब किती होतं?

आता सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारा भाग. एक-एक गोलाने जिंकलेले दहा विजय आणि चार-चार गोलांनी जिंकलेले दहा विजय, तक्त्यात दोन्हींचे पॉइंट ३०. पुढच्या वर्षी कुठला संघ टिकेल ते मात्र गोलफरक जास्त चांगलं सांगतो.

२० संघांच्या, ३८ मॅचच्या लीगसाठी एक ढोबळ हिशोब पाठ करून ठेवा: ५२ पॉइंटांपासून सुरुवात, आणि दर दीड गोलाच्या फरकामागे एक पॉइंट. ५२ का? निकाल लागलेली मॅच तीन पॉइंट वाटते, बरोबरीची दोन. ३८० मॅचपैकी चौथा हिस्सा, म्हणजे ९५ मॅच बरोबरीत सुटल्या तर एकूण १०४५ पॉइंट वाटले जातात. वीस संघांत प्रत्येकी ५२ च्या आसपास. गोलफरक शून्य असलेला संघ साधारण तिथं बसतो.

लेस्टर सिटी, २०१५-१६. केलेले ६८, खाल्लेले ३६, फरक ३२. हिशोबाने ५२ अधिक २१, म्हणजे ७३. मिळाले ८१. आठ पॉइंट वरचे. त्या आठांत जिगर आहे, मोक्याला गोल करणं आहे आणि निखळ नशीबही आहे. लेस्टर आदल्या हंगामात ४१ वर होते, पुढच्या हंगामात ४४ वर आले. वरचे पॉइंट असे सहसा टिकत नाहीत. विजेतेपदाची किंमत त्याने कमी होत नाही, फक्त पुढच्या वर्षी तेच मागायचं नसतं.

आर्सेनल २००३-०४: फरक ४७, हिशोबाने ८३, मिळाले ९०. आर्सेनल २०२३-२४: फरक ६२, हिशोबाने ९३, मिळाले ८९. म्हणजे माझा संघ हिशोबाच्या सात वर आणि त्याचा चार खाली. इथं मी वही मिटली आणि जेवायला बसलो.

हा हिशोब टोकाला थोडा चुकतो. मँचेस्टर सिटीच्या २०१७-१८ च्या हंगामाला (१०६ गोल, खाल्ले २७) तो १०५ देतो, मिळाले १००. डर्बी काउंटीच्या २००७-०८ च्या हंगामाला (२० गोल, खाल्ले ८९) तो ६ देतो, मिळाले ११. कारण उघड आहे: पाच-शून्य जिंकून पॉइंट पाच मिळत नाहीत, आणि पाच-शून्य हरून वजा होत नाहीत. मधल्या संघांना तो चांगला बसतो.

दुसरं एक गणित प्रत्येकाने एकदा तरी हाताने करावं. नुसत्या योगायोगाने पॉइंट किती इकडेतिकडे होऊ शकतात? माझाच आर्सेनल घेतो. विजय २६, बरोबरी १२. पॉइंटांचे वर्ग करा: विजयाचे ९, बरोबरीचा १. २६ गुणिले ९ म्हणजे २३४, अधिक १२, झाले २४६. भागिले ३८, आले ६.४७. मॅचमागे पॉइंट २.३७, त्याचा वर्ग ५.६१. वजाबाकी ०.८६, वर्गमूळ ०.९३. याला ३८ च्या वर्गमूळाने, म्हणजे ६.१६ ने गुणा. उत्तर ५.७. तोच संघ, तीच ताकद घेऊन पुन्हा खेळला असता तर पाच-सहा पॉइंट सहज वरखाली झाले असते. भाच्याच्या संघाला हेच लावलं तर ७ येतात. ९० आणि ८९ मधल्या एका पॉइंटावरून आम्ही भांडत होतो.

एक्सजी, थोडक्यात

प्रत्येक शॉटमधून गोल व्हायची शक्यता किती, त्याची बेरीज म्हणजे एक्सजी. पेनल्टीला साधारण पाऊण गोल, तीस यार्डांवरून मारलेल्या शॉटला अगदी थोडं. खेळ कसा झाला हे गोलफरकापेक्षा ते बारकाईने सांगतं. पण वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून दोन्ही हंगामांसाठी एकाच ठिकाणचे घ्या. जुन्या हंगामांना ते मिळतच नाहीत, तिथं गोलवर गेलेले शॉट मोजून काम भागवा. एका मॅचच्या एक्सजीवरून निष्कर्ष काढणाऱ्याला चहा पाजा आणि विषय बदला.

घरचं मैदान

घरच्या आणि बाहेरच्या मॅचचे मॅचमागे पॉइंट वेगवेगळे काढा. संघ घरी तसाच असेल आणि बाहेर सुधारला असेल, तर ती सुधारणा मला जास्त खरी वाटते. मात्र कोरोनाची वर्षं बाजूला काढा. प्रीमियर लीगमध्ये २०२०-२१ ला प्रेक्षक जवळजवळ नव्हतेच, आणि पाहुण्या संघांनी १५३ मॅच जिंकल्या, यजमानांनी १४४. आपल्या आयएसएलचे (इंडियन सुपर लीग) २०२०-२१ आणि २०२१-२२ हे हंगाम तर गोव्यातच खेळले गेले. त्या तक्त्यात "घरचं" लिहिलेलं दिसलं तरी त्याला अर्थ नाही.

आपल्याकडच्या संघांचं काय?

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळं ३८ मॅचवाल्यांचं, आमचा संघ वर्षाला आठ मॅच खेळतो. बरोबर आहे. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीग असते, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या संघांना वर्षानुवर्षांचा तक्ता मागे आहे. सांगली-मिरजेच्या मंडळाच्या संघाला बहुतेक वेळा दोन-तीन स्पर्धा आणि लवकर गारद झालं तर पुढच्या वर्षीची वाट.

वरचंच योगायोगाचं गणित आठ मॅचला लावा. माझ्या आर्सेनलला जिथं ०.९३ आला, तिथं साधारण संघाला सव्वाच्या आसपास येतो. सव्वा गुणिले आठचं वर्गमूळ २.८३, म्हणजे साडेतीन पॉइंट वरखाली. समजा गेल्या वर्षी १३ पॉइंट होते आणि यंदा १६ झाले. कोचला लगेच हार घालू नका, आणि १० झाले तर घरी पाठवू नका.

अशा संघासाठी मी तीन गोष्टी करतो. दोन किंवा तीन वर्षं एकत्र बांधून एक गठ्ठा धरतो, म्हणजे २०-२५ मॅच होतात. गोलांऐवजी गोलवर गेलेले शॉट मोजतो, कारण गोल मॅचमध्ये दोन होतात आणि शॉट आठ-दहा, त्यामुळे चित्र लवकर स्थिर होतं. हे काम बाकावर बसलेल्या पोराला द्यायचं, वहीचं पान मधोमध दुमडून, डावीकडे आपले, उजवीकडे त्यांचे, नुसत्या उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. हाफ टाइमला जाड रेघ. पावसात पेनची शाई उतरते, शिसपेन्सिल द्या.

तिसरी गोष्ट विरोधकांची. आठ मॅचमध्ये सोपे संघ वाट्याला आले तर सगळा हिशोब फसवा होतो. म्हणून दोन्ही वर्षांत ज्या संघांशी गाठ पडली तेवढ्याच मॅच काढून वेगळी तुलना करतो. चारच सापडतात कधी कधी, पण त्या चार मॅच बाकीच्यांपेक्षा जास्त बोलतात. सेव्हन-अ-साइडच्या स्पर्धा या वहीत घेत नाही, तो खेळच वेगळा.

आता स्वतः करून बघा

सरावाला आयएसएलमधली एक जोडी देतो. या लीगमध्ये संघ वाढत गेले, २०१४ ला आठ संघ होते आणि प्रत्येकाला १४ मॅच, २०२४-२५ ला तेरा संघ आणि २४ मॅच. त्यामुळे पट्टी लावल्याशिवाय इलाजच नाही.

मुंबई सिटी, २०२२-२३: २० मॅच, १४ विजय, ४ बरोबरी, २ हार, ५४ गोल केले, २१ खाल्ले, ४६ पॉइंट. मोहन बागान, २०२४-२५: २४ मॅच, १७ विजय, ५ बरोबरी, २ हार, ४७ गोल केले, १६ खाल्ले, ५६ पॉइंट.

मॅचमागे पॉइंट मुंबईचे २.३०, बागानचे २.३३. योगायोगाचा हिशोब केला तर दोघांनाही पाच पॉइंटांच्या आसपास मोकळीक मिळते, मॅचमागे पाव पॉइंटाला थोडं कमी. ०.०३ चा फरक त्यात कुठल्या कुठे हरवतो. गोलफरक मात्र मुंबईचा मॅचमागे १.६५ आणि बागानचा १.२९. म्हणजे पारडं मुंबईकडे झुकतं, पण गोलफरकालाही योगायोग लागतोच, आणि वीस-चोवीस मॅचमध्ये एवढा फरक पक्का धरता येत नाही. बागानने मॅचमागे गोल खाल्ले ०.६७, मुंबईने १.०५. बचाव बघणाऱ्याला बागान आवडेल. दोन्ही हंगामांतले लीगचे एकूण गोल काढून सरासरी संघाशी लावायचं काम तुमच्यावर सोडलं आहे.

मी वहीत "मुंबई, दहात सहा" असं लिहिलंय, म्हणजे मुंबई सरस होती याची खात्री दहात सहा. असं दहात किती लिहायची सवय लावून घ्या, नुसतं नाव लिहू नका. आर्सेनलच्या पानावर मी आधी "२००३-०४, दहात नऊ" लिहिलं होतं. ते खोडून आता तिथं "चार" आहे. भाच्याने ते पान अजून बघितलेलं नाही.